सूर जगाने घेतले, नाव कुणाचे पुसले?

४ डिसेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये युक्रेनच्या संगीताची मैफल झाली. कीवच्या ‘श्चेद्रिक’ या बालगायकवृंदाने तिथे त्याच नावाचे गीत गायले. शंभर वर्षांपूर्वी, ५ ऑक्टोबर १९२२ रोजी, याच सभागृहात युक्रेनच्या राष्ट्रीय गायकवृंदाने हे गीत अमेरिकेला ऐकवले होते. युद्धाच्या धामधुमीत मैफलीची बातमी किरकोळ वाटते. आम्हाला ती तशी वाटत नाही.

थोडा इतिहास पाहू. १८७६ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने एम्स येथे फर्मान काढले. युक्रेनी छपाईवर कडक निर्बंध आले, नाटकांवर बंदी आली आणि स्वरलिपीखाली युक्रेनी शब्द छापायलाही मनाई झाली. म्हणजे सूर चालतील, भाषा नको!

‘श्चेद्रिक’चे संगीतकार मिकोला लेओंतोविच यांना जानेवारी १९२१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने गोळी घातली. पुढे १९३६ मध्ये अमेरिकेत त्याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले गेले. मूळ गीतात सुबत्तेची वार्ता घेऊन येणारी पाकोळी आहे. तिच्या जागी नाताळच्या घंटा आल्या. चाल जगभर गाजली, पण ती युक्रेनची आहे हे किती जणांना माहीत होते? नाव पुसायला दरवेळी बंदीच लागते असे नाही, कौतुकातही ते पुसले जाते.

आज तर थेट जिवावर बेतले आहे. खेरसोनचे वाद्यवृंद संचालक युरी केर्पातेंको यांनी रशियन ताब्यातील प्रशासनाच्या मैफलीत भाग घ्यायला नकार दिला. रशियन सैनिकांनी त्यांना घरातच गोळ्या घातल्या, असे युक्रेनच्या संस्कृती मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केले. ज्येष्ठ संगीतकार वालेंतिन सिल्वेस्त्रोव यांना ८४ व्या वर्षी कीव सोडून बर्लिन गाठावे लागले. त्याच उन्हाळ्यात युक्रेनियन फ्रीडम ऑर्केस्ट्राने त्यांची सातवी सिम्फनी युरोप-अमेरिकेत वाजवली. विक्तोरिया पोलेवा यांनी बुचातील हत्याकांडावर ‘बुचा. लाक्रिमोझा’ ही रचना केली.

रशियन संगीत वाजवावे की नाही, यावर युरोपात वाद रंगला. आमच्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: इतकी वर्षे युक्रेनी संगीतकारांना त्या मंचांवर किती जागा मिळाली? सिल्वेस्त्रोव यांची सातवी सिम्फनी २००३ ची आहे. बॉम्ब पडू लागल्यावर ती आठवावी, ही जगाच्या कानांचीच तक्रार आहे. दया म्हणून मिळालेली जागा युद्धाच्या बातम्या ओसरल्या की जाते. हक्काची जागा टिकते.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे: हे संगीत जरूर ऐका. ऐकताना ते कोणी रचले, मूळ शब्द कोणत्या भाषेतले, त्या माणसांचे काय झाले, हेही विचारा. आणि दुसऱ्याला ऐकवताना ते नाव आधी सांगा.