मातीच्या बैलांची जोडी

पोळ्याच्या दिवशी ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, त्या घरांत पाटावर मातीच्या बैलांची जोडी मांडली जाते. हळदकुंकू वाहिले जाते, पुरणपोळीचा नैवेद्य दाखविला जातो. दक्षिण महाराष्ट्रात आषाढातील बेंदराला, अन्यत्र श्रावणी अमावास्येला आणि काही गावी भाद्रपदाच्या अमावास्येलाही हा सोहळा होतो. मात्र ही जोडी कोणाच्या हातून घडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

कुंभाराचे चाक येथे निरुपयोगी आहे. मडके फिरत्या चाकावर उठते. बैल मात्र निव्वळ बोटांनीच घडवावा लागतो. मळलेल्या गोळ्यातून चार पाय ओढून काढावयाचे, चिमटीत धरून वशिंड उभे करावयाचे, शिंगांना बाक द्यावयाचा आणि सावलीत वाळवून रंग द्यावयाचा. पुष्कळ ठिकाणी हे बैल भट्टीत भाजतही नाहीत. गोरोबाकाकांच्या या व्यवसायबंधूंना कलावंत म्हणावयास आपली जीभ का अडखळते, हे आम्हांस कळत नाही.

ही परंपरा किती जुनी असावी? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची, मस्तक नसलेली देवीची मूर्ती आणि तिच्यासोबत मातीचा बैल सापडला. देवीच्या पोटाला व बैलाच्या पाठीला छिद्र होते; काडी घालून तिला बैलावर आरूढ करता येत असे. या गोष्टीला सुमारे तीन हजार वर्षे झाली.

पोळ्याची लोककथाही मोठी मार्मिक आहे. शंकरपार्वतीच्या सारीपाटात डाव पार्वतीने जिंकला. नंदीने मात्र धन्याच्या प्रेमापोटी खोटी साक्ष दिली. पृथ्वीवर तुझ्या मानेवर जू बसेल, असा शाप त्याला मिळाला. नंदीने क्षमा मागितली, तेव्हा वर्षातून एक दिवस शेतकरी तुझी पूजा करील, असा उःशाप मिळाला. (खोट्या साक्षीची एवढी जबर शिक्षा माणसांना होत नाही, ही गोष्ट वेगळी!) श्रमाच्या बदल्यात एका दिवसाचा मान, हा हिशेब शेतकऱ्यानेच मांडलेला दिसतो.

आम्हांस खरी चिंता निराळीच आहे. ट्रॅक्टर आले आणि गोठे रिकामे झाले. ज्या कुंभाराने बैल जवळून पाहिला, त्याच्या बोटांना वशिंडाचा उंचवटा व मानेखालची पोळी ठाऊक होती. त्याचा मुलगा हे कोठे पाहणार? त्यातच बाजारात प्लास्टरचे, साच्यातून काढलेले चकचकीत बैल आले आहेत. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि त्यांची जोडी अगदी तंतोतंत सारखी असते. खऱ्या जोडीतील दोन बैल कधी एकसारखे असतात काय? हाताने घडविलेल्या जोडीत एकाची मान थोडी वळलेली असते, दुसऱ्याचे शिंग किंचित आखूड असते. आमच्या मते पूजेला तीच जोडी योग्य.

भाजीच्या जुडीसारखी या जोडीच्या किमतीत घासाघीस करणे श्रद्धावंतांना शोभत नाही. यंदा मुलांना घेऊन कुंभारवाड्यात जावे. औताला प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली असते. तेव्हा या जोडीतील डावा कोणता आणि उजवा कोणता, हे त्या कुंभारालाच विचारावे आणि मग घरी पाटावर त्याच बाजूंनी ते मांडावेत.