२५ डिसेंबरच्या दिनविशेषातून कोण गायब?

दरवर्षी २५ डिसेंबर उजाडला की मोबाइलवर दिनविशेषाच्या याद्या फिरू लागतात. येशूचा जन्मदिन नाताळ, १८६१ मदनमोहन मालवीय, १८७६ जिना, १९२४ अटलबिहारी वाजपेयी. २०१४ पासून त्यात सरकारी ‘सुशासन दिना’ची भर पडली. १९२७ ची महाडची ओळ मात्र बहुतेक याद्यांत शोधूनही सापडत नाही. मित्रांनो, हा विसरभोळेपणा नाही. कुणा पुढाऱ्याच्या जन्माने कुणाच्या पोटात दुखत नाही. मनुस्मृती जाळली म्हटले की दुखते!

त्या दिवशी काय झाले? चवदार तळ्यावर पुन्हा पाणी भरायला जमलेल्या सत्याग्रहींना कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला होता. परिषदेला जागा मिळू नये म्हणून सवर्णांनी कोंडी केली, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, म्हणजे एका ब्राह्मणाने. अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. रात्री रीतसर खड्डा करून मनुस्मृतीचे दहन झाले. शूद्राला आणि बाईला माणूस न मानणारा कायदा भर सभेत, ठराव करून नाकारला गेला. आंबेडकरी स्त्रिया हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात तो उगाच नाही.

‘पुस्तक जाळणे म्हणजे द्वेष’ असे शहाणपण शिकवणारे आजही भेटतात. बाबासाहेबांनी तेव्हाच उलट विचारले होते, विदेशी कापडाच्या होळ्या का केल्या? कापडाची होळी देशभक्ती आणि गुलामगिरीच्या कायद्याची होळी द्वेष, हा कुठला न्याय? (कागद जळाला तेव्हा महाडात एकाही माणसाच्या अंगाला चटका बसला नव्हता.)

माणसे जळाली ती याच तारखेला, ४१ वर्षांनी. २५ डिसेंबर १९६८, तामिळनाडूतल्या तंजावर भागातले कीळवेणमणी गाव. दलित शेतमजुरांनी मजुरीत थोडे जास्त भात मागितले, लाल बावट्याची संघटना सोडायला नकार दिला. जमीनदारांच्या टोळीने रात्री वस्तीवर हल्ला केला. जीव वाचवायला एका झोपडीत शिरलेली ४४ माणसे, बहुतेक बाया आणि लेकरे, जिवंत जाळली गेली. पुढे मद्रास हायकोर्टाने जमीनदारांना निर्दोष सोडले. एवढे श्रीमंत, मोटारी बाळगणारे लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे न्यायमूर्तींना पटेना! मनुस्मृतीतही शिक्षा जात बघूनच ठरते.

आता थोडे आपल्याकडे बघू. महाडचे फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या आपल्यातल्या किती पोरांना वेणमणी माहीत आहे? ते तमिळ होते, कम्युनिस्टांच्या झेंड्याखाली होते, म्हणून ते आपले नव्हेत का? दिनविशेषातून आपल्याला वगळणाऱ्यांवर आपण चिडतो, आणि आपल्या यादीतून ४४ जणांना आपणच वगळतो. मनुवाद फक्त पोथीत असता तर १९२७ लाच संपला असता. तो जमिनीच्या सातबाऱ्यात आणि मजुरीच्या मापातही आहे, हे वेणमणी सांगते.

येत्या २५ तारखेला विहारात, वसतिगृहात, अभ्यासिकेत फळ्यावर दोन ओळी लिहा : १९२७ महाड, १९६८ कीळवेणमणी. कुणी विचारले तर बसवून सगळे सांगा.

जय भीम!