पक्षाघातानंतर हार्मोन मेंदूची ‘भिंत’ वाचवेल का? जाणून घ्या

नांदेड/लातूर : किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून अधिक दूर. लातूर गाठायला उदगीर, निलंग्याच्या रुग्णांचेही तास जातात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देतात. ही मर्यादा का?

भिंत कशी ढासळते?
मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. हीच संरक्षक भिंत, ‘ब्लड-ब्रेन बॅरिअर’. रक्तपुरवठा थांबला की काही एन्झाइम हे सांधे तोडतात आणि मेंदूला सूज येते. अशा वेळी उशिरा दिलेल्या इंजेक्शनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हार्मोन काय करते?
प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन या एन्झाइमना आवर घालते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात त्यामुळे उशिरा दिलेल्या इंजेक्शननंतरचा रक्तस्राव कमी झाला.

मग औषध का नाही?
डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांवरील प्रोजेस्टेरॉनच्या दोन मोठ्या चाचण्या त्याच वर्षी अपयशी ठरल्या. एरिथ्रोपोएटिन या दुसऱ्या हार्मोनच्या जर्मनीतील पक्षाघात चाचणीत तर औषध दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

आज काय करावे?
तोंड वाकडे होणे, हातातील ताकद जाणे, बोलताना अडखळणे, यांपैकी काहीही दिसताच वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. आधी गावातल्या दवाखान्यात, मग तालुक्याला, असे करू नका. सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही असलेले रुग्णालय थेट गाठा.