जॉन्सन यांचा जमाखर्च

अमेरिकेचे माजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकीर्दीचा (१९६३-६९) विचार करताना त्यांचे चाहते नागरी हक्कांचा कायदा पुढे करतात, तर टीकाकार व्हिएतनामकडे बोट दाखवितात. आमच्या मते दोघेही अर्धेच सत्य सांगतात.

टेक्सासमधून आलेल्या या मुत्सद्द्याने १९६४ साली सार्वजनिक जागी व नोकरीत होणारा वर्णभेद बेकायदा ठरविला. १९६५ साली त्याने कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला संरक्षण दिले आणि वृद्धांच्या औषधोपचाराचा मोठा भार सरकारच्या शिरावर घेतला. स्वपक्षातील दक्षिणी सभासदांचा रोष ओढवून घेऊन केलेले हे कार्य सामान्य नव्हे.

परंतु त्याच १९६५ साली त्यांनी व्हिएतनामात लढाऊ पलटणी उतरविल्या. १९६८ अखेर तेथे ५ लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकन आणि कित्येक लाख व्हिएतनामी प्राणांस मुकले. युद्ध जिंकता येईल की नाही, याविषयी खुद्द जॉन्सन साशंक होते, हे त्यांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांवरून पुढे उघड झाले. जनतेपुढे मात्र त्यांनी विश्वासाचाच आव आणला.

कायद्यांच्या पुण्याईने युद्धाचे पाप फिटत नाही, आणि त्या पापाने कायदेही खोटे ठरत नाहीत. ही दोन खाती निराळीच ठेविली पाहिजेत. लोकशाहीत राज्यकर्त्याची चूक क्षम्य ठरू शकते; पण आपल्या शंका दडवून जनतेच्या मुलांना रणांगणावर धाडणे क्षम्य नव्हे.