शर्यत हवी, पण रस्त्यावर नको!

शनिवारची मध्यरात्र उलटली की ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याचे रूप पालटते. दिवसभर ट्रक, कंटेनर आणि खड्डे ह्यांनी गांजलेला तो रस्ता घटकाभर मोकळा होतो, आणि त्या मोकळेपणाचीच वाट पाहत बसलेली पोरे आपापल्या मोटारी आणि दुचाक्या घेऊन त्याच्यावर तुटून पडतात. कल्याण-शीळ रस्त्याची रात्रही ह्याहून फारशी वेगळी नाही. सायलेन्सरच्या कर्कश आवाजाने आजूबाजूच्या इमारतींतली म्हातारी माणसे दचकून उठून बसतात. आईबाप समजत असतात की, चिरंजीव मित्राच्या वाढदिवसाला गेले आहेत! आणि शेवटच्या लोकलने उतरून पायी घराकडे निघालेला दुसऱ्या पाळीचा कामगार रस्त्याच्या कडेला जीव मुठीत धरून उभा राहतो. ह्या शर्यतीत त्याने आपले नाव नोंदवलेले नसते. पण तिची किंमत मात्र पुष्कळदा त्यालाच मोजावी लागते!

ह्या उन्मादाला आमच्यापाशी यत्किंचितही क्षमा नाही. मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा ठरवलेला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तोच गुन्हा पुन्हा केल्यास वर्षभराची कैद होऊ शकते. ही शिक्षा कागदावर न राहता अंमलात यावी. ज्या देशात 2022 ह्या एकाच वर्षात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली आणि त्यांतल्या दहांपैकी सातांच्या मरणाला बेफाम वेग कारण झाला, त्या देशात वेगाचे लाड करण्याची कोणाचीच हिंमत होता कामा नये. पोलिसांनी अशा पोरांना धरावे, त्यांच्या गाड्या अडकवून ठेवाव्यात आणि बाप कितीही मोठा असला तरी त्याच्या टेलिफोनला भीक घालू नये!

पण एवढे सांगून आमचे काम संपत नाही. किंबहुना खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. कारण आमच्या डोळ्यांपुढे ह्याच शहरांतला दुसराही एक तरुण आहे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तो एक नसून अनेक आहे. तो डोंबिवलीत राहतो, ठाण्याच्या वागळे इस्टेटीत नोकरी करतो आणि आठवडाभर लोकलच्या दारात लोंबकळतो. मोटार हाकण्याचे वेड त्यालाही आहे. पण घोडबंदरच्या रस्त्यावर तो जात नाही. तो वर्षभर पैसे साठवतो, रजा शिल्लक ठेवतो आणि एका शनिवार-रविवारसाठी 1,200 किलोमीटरांहून अधिक प्रवास करून कोइमतूर गाठतो! तेथे कारी मोटर स्पीडवे नावाचा सुमारे 2.1 किलोमीटरांचा शर्यतीचा मार्ग आहे. भारतीय मोटारशर्यतीसाठी आयुष्य वेचणारे एस. करिवर्धन 1995 साली विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाने हा मार्ग उभा आहे.

त्या दोन दिवसांत ह्या हौशी चालकाच्या वाट्याला काय येते, हे आमच्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावे. पहिली गोष्ट म्हणजे परवाना आणि वैद्यकीय दाखला ह्यांवाचून त्याला गाडीत बसूच देत नाहीत. मग तपासणी. शिरस्त्राण प्रमाणित आहे काय, अंगातला पोशाख आगीला दाद न देणारा आहे काय, खांद्यावरून आणि कमरेवरून आवळायचे पट्टे नीट आहेत काय, हे सारे पंच स्वतः हात लावून पाहतात. मारुतीचे इंजिन बसवलेली ती एकासनी गाडी जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. शनिवारी सराव आणि वेळेची चाचणी. जो सर्वांत कमी वेळात फेरी पुरी करील, तो रविवारी सर्वांच्या पुढे उभा राहणार! येथे बापाचा हुद्दा चालत नाही आणि मित्रांच्या आरोळ्याही चालत नाहीत. घड्याळ सांगेल तेच खरे.

आणि रविवारी, लाल दिवे विझून गाड्या सुटल्या की त्याला एक विलक्षण धडा मिळतो. आजवर त्याला वाटत असे की, शर्यत म्हणजे पाय दाबणे. आता त्याला कळते की, शर्यत म्हणजे पाय योग्य क्षणी उचलणे! वळणाच्या आधी ब्रेक कोठे लावायचा, हे ज्याला समजले तोच वळणातून लवकर बाहेर पडतो. पिवळे निशाण दिसले की पुढे धोका आहे. कोणालाही ओलांडायचे नाही. निळे निशाण दिसले की मागून अधिक वेगवान गाडी येत आहे. तिला वाट द्यायची. लाल निशाण दिसले की शर्यत थांबली. काळे निशाण तुमच्या क्रमांकासह दिसले की मुकाट्याने बाहेर यायचे. ज्या शहरात लाल दिव्याला कोणी भीक घालत नाही, त्या शहरातला हा तरुण एका फडक्याची आज्ञा शिरसावंद्य मानायला शिकतो! तो पहिला येत नाही. मधल्या कोठल्या तरी क्रमांकावर येतो. पण सोमवारी रात्री परतीच्या गाडीत बसतो तेव्हा वेगाविषयीचे त्याचे सारे अज्ञान झडून गेलेले असते. कल्याण स्टेशनाबाहेर स्वतःची मोटार तो पूर्वीपेक्षा सावकाश हाकू लागतो, कारण वेग म्हणजे काय ते त्याने आता खरोखर पाहिलेले असते.

हा खेळ निर्धोक आहे असे आम्ही म्हणत नाही. 8 जानेवारी 2023 रोजी चेन्नईच्या शर्यतीत के. ई. कुमार हे 59 वर्षांचे मुरलेले चालक गाडी उलटून मृत्यू पावले. साऱ्या सोयी हाताशी असूनही ते वाचले नाहीत. 1955 साली फ्रान्समध्ये ल मॉं येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली. 1957 साली इटलीत मिले मिलिया ही चालू रस्त्यावरची प्रचंड शर्यत चालली असताना एका गाडीचा टायर फुटला आणि दोघा चालकांबरोबर कडेला उभी असलेली नऊ माणसे चिरडली गेली. त्यांत पाच लहान मुले होती! त्यानंतर इटलीने रस्त्यावरची ती शर्यत मोडीत काढली. मात्र मोटारशर्यत मोडीत काढली नाही. ती बंदिस्त मार्गावर नेली. शहाणे लोक असा भेद करतात. चालकाने स्वतःचा जीव जाणूनबुजून पणाला लावणे वेगळे आणि वाटसरूचा जीव त्याला न विचारता पणाला लावणे वेगळे!

इंग्लंडमध्ये ह्या शतकाच्या नव्हे, मागल्या शतकाच्या आरंभी रस्त्यावर ताशी 20 मैलांची मर्यादा होती. तेव्हा एका धनिकाने स्वतःच्या जमिनीवर ब्रुकलँड्सचा मार्ग बांधला आणि 1907 साली तो खुला झाला. रस्ता बंद होता म्हणूनच मार्ग जन्माला आला! दुसरे महायुद्ध संपल्यावर तेथील ओस पडलेल्या विमानतळांवर शर्यती सुरू झाल्या. 1948 पासून सिल्व्हरस्टोनचे नाव जगभर झाले ते अशाच एका धावपट्टीवरून. आपल्याकडे मद्रासच्या हौशी मंडळींनी नेमके हेच केले. शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर त्यांनी वर्षानुवर्षे शर्यती भरवल्या आणि 1990 पासून इरुंगट्टुकोट्टई येथे पक्का मार्ग उभा केला. फिआट आणि अँबॅसिडर ह्या आपल्या ओळखीच्या गाड्या शोलावरमला धावल्या, आणि त्यांतल्या फिआट तर आमच्याच कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून बाहेर पडत होत्या!

आता आमच्याकडे पाहा! त्याच प्रीमिअर कंपनीने 1990 च्या दशकात कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात प्यूजो 309 ही मोटार बनवली. ह्या भागातल्या कामगारांच्या हातांनी मोटारी जुळवल्या. पण त्या पळवून पाहण्यासाठी ह्या भागात हातभर जागा नाही. लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या सरळ शर्यती झाल्या, कोल्हापुरात मोहिते मंडळींनी कार्टिंगचा मार्ग बांधून तेथली पोरे राष्ट्रीय स्पर्धांत उतरवली. ह्या दोन्ही गोष्टी खाजगी हिंमतीवर झाल्या. मुंबईच्या दारातल्या, लाखो लोकवस्तीच्या ह्या पट्ट्यात मात्र शून्य!

येथे कोणी तरी नेवाळीचे नाव काढील. कल्याणजवळ नेवाळीला युद्धकाळातली धावपट्टी आहे. मग तेथेच का नको? आम्ही ताबडतोब आणि निक्षून सांगतो: नेवाळीची एक वीतही नको! ती जमीन युद्धासाठी म्हणून इंग्रज सरकारने शेतकऱ्यांकडून घेतली. ती आपल्याला परत मिळावी म्हणून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आले, आणि 22 जून 2017 रोजी त्या संतापाचा स्फोट साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. शेतकऱ्याच्या छातीवरून मोटारी पळवून मिळणारा आनंद आम्हांला नको आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. "गावाला पुरेसे पाणी नाही, मुलांना क्रिकेट खेळायला मैदान नाही, आणि तुम्ही श्रीमंतांच्या मोटारींना मार्ग कसला मागता?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आम्ही नोएडासारखा पांढरा हत्ती मागत नाही. तेथे 2011 मध्ये भव्य मार्ग झाला, फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि 2013 नंतर ती सर्कस निघून गेली! 2023 साली हैदराबादने, 2024 साली चेन्नईने शहरातले रस्ते बंद करून शर्यती भरवल्या. त्या दिपवणाऱ्या तमाशाचाही आम्हांला मोह नाही. आमची मागणी फार साधी आहे. ऑटोक्रॉस नावाचा एक प्रकार आहे. मोकळ्या पटांगणावर शंकू मांडून वाट आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. समोरासमोर टक्कर होण्याचा प्रश्नच नाही. रविवारी सकाळी चार तासांसाठी एखादे डांबरी पटांगण, एक रुग्णवाहिका, एक अग्निशामक बंब आणि जाणत्या संस्थेचे पंच एवढे पुरे! त्याचा खर्च स्पर्धकांनी भरावा. महापालिकेने दमडीही देऊ नये. गाडी स्वतःची, साधी, रोज ऑफिसला नेण्याची चालते. मग हा खेळ श्रीमंतांचा राहत नाही; वागळे इस्टेटीतल्या त्या तरुणाचा होतो.

सरकारला हे जमणार नाही असे म्हणण्याची सोय नाही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र पेटून उठला. विधिमंडळाने 2017 मध्ये कायदा बदलला, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचे नियम केले, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. आज ठाणे जिल्ह्यात छकडे धावतात ते ह्या नियमांच्या आधाराने. बैलांच्या शर्यतीला ज्या सरकारपाशी कायदा, नियम आणि मैदान आहे, त्या सरकारपाशी माणसांच्या पोरांसाठी काहीच नसावे काय? 189 व्या कलमातही राज्य सरकारच्या लेखी संमतीची तरतूद आहे. दार कायद्यानेच ठेवले आहे. कुलूप तेवढे सरकारने काढायचे आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या वडील मंडळींनाही आमचे चार शब्द आहेत. अठरा वर्षे पुरी होताच चिरंजीवांच्या हाती किल्ली देता, तेव्हा नुसते पेढे वाटू नका. रात्री बारानंतर ती गाडी कोठे असते, ते विचारा. आणि त्याला वेगाचे वेड असेल तर त्याला गुन्हेगार म्हणून हिणवण्याआधी त्या वेडाला शिरस्त्राण, नियम आणि मैदान द्या. वेगाची ओढ हा तारुण्याचा अपराध नव्हे. पण तिला जागा न देणे हा मात्र आम्हां वडिलांचा अपराध आहे!

पोलिसांनी रस्ता बंद करावा आणि सरकारने मैदान उघडावे. ह्या दोन गोष्टी एकाच दिवशी व्हायला हव्यात. नुसता रस्ता बंद केला तर ही पोरे दुसरा रस्ता शोधतील. नुसते मैदान उघडले तर रस्त्यावरचा माज तसाच राहील. शेवटच्या लोकलने उतरलेला तो कामगार घरी सुखरूप पोहोचला पाहिजे आणि मोटारीचा तो वेडा पोरगाही सुखरूप घरी आला पाहिजे. दोघांचीही आई दाराकडे डोळे लावून जागी आहे!