आधी कान तपासावेत

मुलांचे व प्रौढांचे कान तपासताना आम्हांला एक भेद सतत जाणवतो. उतारवयात ऐकू येईनासे झालेल्या माणसाला आपण काय गमावले ते ठाऊक असते. मुलाला ते ठाऊकच नसते, म्हणून ते तक्रारही करीत नाही. कान वाहिल्याने ऐकणे मंदावते, 'स', 'फ' यांसारखे क्षीण ध्वनी निसटतात, श्रुतलेखन चुकते आणि मूल 'ढ' ठरते. घरी आईच्या हे ध्यानात येते. वसतिगृहात आई नसते. म्हणून निवासी शाळेने प्रवेशाच्या वेळी व त्यानंतर दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याची श्रवणतपासणी करावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. त्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. पालकांनीही श्रवणयंत्राची लाज बाळगू नये; चष्म्याची आपण कुठे बाळगतो?