बोल्टाचे डोके वाचायला शिका



मळणीची घाई असते, आभाळ भरून आलेले असते आणि नेमका त्याच वेळी एक बोल्ट तुटतो. मग पोराला तालुक्याला पिटाळायचे, "एवढ्या जाडीचा, एवढ्या लांबीचा आण" म्हणून. बोल्ट येतो, पाना फिरतो, यंत्र चालू होते. एवढ्याशा वस्तूचा काय विचार करायचा, असे तुम्ही म्हणाल. पण मळणीयंत्राच्या फिरत्या ड्रमवरचा दाता याच एवढ्याशा वस्तूने धरलेला असतो, आणि समोर पेंढी घालणारा हात तुमच्याच घरातल्या कुणाचा तरी असतो.

हा बोल्ट बनतो कुठे? हरियाणातले रोहतक आणि पंजाबातले लुधियाना ही त्याची नावाजलेली गावे. आपल्याकडे पुण्याजवळ भोसरी-चाकणच्या पट्ट्यातही असे छोटे कारखाने आहेत. तिथे तारेचे भेंडोळे यंत्रात जाते. हवा तेवढा तुकडा तुटतो आणि थंड असतानाच ठोकून त्याला डोके काढतात. मग दोन दातेरी साच्यांमध्ये दाबून त्यावर आटे उठवतात, पाटावर शेवई वळावी तसे. यात पोलाद कापले जात नाही, नुसते दबते. लाकडाच्या रेषा तोडून केलेली खुंटी लवकर मोडते. रेषा शाबूत असलेली टिकते. तसेच हे.

पुढे आपला लोहार विळ्याला पाणी देतो तीच विद्या. मजबूत जातीचा बोल्ट लालबुंद तापवून तेलात विझवतात. तेवढ्यावर सोडला तर तो ठिसूळ राहील, म्हणून पुन्हा निदान 425 अंशांपर्यंत तापवून त्याला चिवटपणा आणतात. ही दुसरी भट्टी चुकवली तर बोल्ट दिसायला तसाच दिसतो. फरक कळतो तो तुटल्यावर.

शेवटी तपासणी. दोन कड्या असतात. एकीत बोल्ट गेलाच पाहिजे, दुसरीत जाता कामा नये. 12 मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाला आट्यात जी सूट मिळते ती 0.15 मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरचे दोन केस जवळजवळ ठेवावेत एवढी. छोट्या कारखानदाराची अब्रू या दोन केसांत असते.

पूर्वी हे असे नव्हते. ज्याच्या त्याच्या कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. 1841 साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्वांसाठी एकच माप सुचवले. जुन्या इंग्लिश धाटणीच्या यंत्रांत ते इंची आटे अजून सापडतात. नव्या यंत्रांत मिलिमीटरचे असतात. अर्ध्या इंचाच्या नटात 12 मिलिमीटरचा बोल्ट घातला तर तो दोन-चार फेरे घेतो आणि अडतो. जोर करू नका. दोघांचेही आटे जातील.

आता डोक्याकडे पाहा. चांगल्या षटकोनी बोल्टावर दोन गोष्टी असतात : बनवणाऱ्याची खूण आणि 4.6, 8.8 किंवा 10.9 असा आकडा. पहिला आकडा ताकदीचा. 12 मिलिमीटरचा 8.8 बोल्ट सरळ ओढून तोडायला पावणेसात टनांहून जास्त ओढ लागते, 4.6 जातीचा त्याच्या निम्म्यात तुटतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर आकड्यावाचून ओळखणार कसे? ज्यावर आकडाही नाही आणि खूणही नाही, त्याची जबाबदारी घेणारा कुणी नाही, असे समजा.

मात्र सगळीकडे मजबूत बोल्टच लावायचा, असेही नाही. काही रोटाव्हेटरच्या दांड्यावर शिअर बोल्ट असतो. तो तुटण्यासाठीच ठेवलेला असतो. पात्यात दगड अडकला की तो जीव देतो आणि गिअरबॉक्स वाचवतो. "सारखा तुटतो" म्हणून तिथे 10.9 ठोकला, तर पुढच्या दगडाला मोडणार ते दातेचक्र. पुस्तिकेत दिलेल्या जातीचाच बोल्ट तिथे बसवा आणि दोन-चार जादा घरात ठेवा.

आवळतानाही बेताने. 12 मिलिमीटरच्या 8.8 बोल्टाला हातभर पान्यावर वीसेक किलोचा दाब पुरे होतो. पान्याला पाइप लावून लटकलात तर बोल्ट आतून ताणला जातो आणि पुढे चालत्या यंत्रात दगा देतो.

तेव्हा पुढच्या खेपेला पोराच्या हाती मापाबरोबर तुटलेला बोल्ट आणि त्याचा नटही द्या. डोक्यावरचा आकडा कागदावर लिहून द्या. तो बसवण्याआधी इंजिन बंद करा, पट्टा उतरवा. आणि घरातल्या शाळकरी मुलामुलींना हे आकडे वाचायला लावा. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.